उसाचं पाचट आणि समुद्रावरचं तेल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या पट्ट्यातल्या गुऱ्हाळाचं मुख्य जळण म्हणजे ऊसच. ज्याचा रस काहिलीत उकळायचा, त्याचीच चिपाडं चुलवाणात घालायची, हा हिशेब इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. टनभर उसातून शंभर-सव्वाशे किलो गूळ उतरतो. बाकी उरतं ते चिपाड, पाचट, वाडं आणि मळी. त्याचं काय करायचं हे गुऱ्हाळमालकाला कुणी शिकवावं लागत नसे. प्रत्येकाची जागा ठरलेली होती.

२०२०च्या ऑगस्ट महिन्यात हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर उसाच्या पाचटाला एक नवी जागा मिळाली. जहाज फुटून समुद्रात सांडलेलं काळं तेल अडवायला तिथल्या लोकांनी पाचट भरलेले लांबच लांब तरते बांध शिवले आणि होड्यांनी ओढत पाण्यात नेऊन सोडले. जगभरच्या वर्तमानपत्रांना ती अजब युक्ती वाटली. उसाच्या मुलखातल्या माणसाला मात्र त्यात एक जुना शहाणपणा दिसतो. तो शहाणपणा कोल्हापुरात कसा घडला, कधी विसरला गेला आणि मॉरिशसमध्ये नेमका कसा उपयोगी पडला, हे एकत्र पाहण्यासारखं आहे. या दोन मुलखांचं नातं उसानेच जोडलेलं आहे आणि त्यात मराठी माणसांचा घाम आहे.

आधी गुऱ्हाळाकडे जाऊ. चरकातून बाहेर पडलेलं चिपाड ओलं असतं, त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच. ते गुऱ्हाळाभोवतीच्या मोकळ्या जागेत पसरायचं, उन्हात खालीवर करायचं, वाळलं की ढीग लावायचा. चांगलं वाळलेलं चिपाड हातात घेतलं तर वजन जाणवत नाही. वरची साल कडक, आतला गर पोकळ आणि तंतूंचा. जाळ घालणारा गडी चुलवाणाच्या तोंडाशी बसून त्याची कवळ आत ढकलत राहतो. वर काहिलीजवळ गुळव्या उभा असतो. रसाला रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी दिलं की घाण वर येते, ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. रस आटत काकवीवर आला की गुळव्याचा सगळा जीव जाळावर. थोडा जाळ जास्त झाला तर गूळ काळा पडतो, कमी झाला तर चिकी राहतो. थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत फिरवून बघायची आणि हाक द्यायची, की काहील उतरलीच पाहिजे. इतकं नाजूक काम, आणि त्याचा जाळ सांभाळतं कोण, तर रस काढून फेकलेलं चिपाड.

शेतातला पालाही असाच वाटून दिलेला होता. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाडं, ते जनावरांना. खालचा वाळका पाला म्हणजे पाचट. त्याने खोपी शाकारल्या जात, पावसाळ्याआधी पिंजराच्या गंजीवर त्याचा थर दिला जाई, गोठ्यात बैलाखाली ते अंथरलं जाई आणि शेणमुतात भिजून उकिरड्यावर पोहोचे. वर्षभराने खत होऊन ते पुन्हा उसाच्या सरीत येई. हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्याही पाचटानेच शाकारल्या जात. पाणी अंगावर न घेता खाली सोडून देण्याचा या पानाचा गुण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. समुद्रावर पुढे जे घडलं त्याचं अर्धं उत्तर या छपरात आहे.

कोल्हापूरचा ऊस नदीकाठचा. पंचगंगा, भोगावती, वारणा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काळ्या मळीच्या जमिनीत तो वाढला. बाभळीच्या लाकडी घाण्याला बैल जुंपून रस काढण्याचे ते दिवस. माल दूर जाऊ लागला तो रेल्वेमुळे. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि चारच वर्षांनी, १८९५ साली, शाहू महाराजांनी शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. गुळाच्या व्यापाराला तिथे हक्काची जागा मिळाली. गुजरातेत कोल्हापुरी गुळाला मागणी वाढली, ती आजही टिकून आहे. दिवाळीच्या पाडव्याला नव्या हंगामातल्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे काढण्याची प्रथाही इथल्या बाजारात टिकून आहे. १९०९ साली महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम सुरू केलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं, पण धरणाचं पाणी आलं आणि पूर्वी जिथे ज्वारी होती तिथेही ऊस उभा राहिला.

उसाची जातही बदलत होती. जुना पुंड्या जाड, मऊ आणि रसाळ, पण रोगाला लवकर बळी पडणारा. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं आणि तिथे गोड उसाचा रानटी काशाशी संकर करून 'को' मालिकेतल्या जाती तयार झाल्या. को ४१९ आणि को ७४० या जाती महाराष्ट्रभर पसरल्या. काशाच्या रक्ताने उसाला काटकपणा दिला, तसाच तंतूही. कोल्हापूरला ऊस आणि गूळ यांवर संशोधन करणारं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं, तिथे गुळाला कुठला ऊस चांगला याचा अभ्यास आजही चालतो.

मग कारखाने आले. १९३०च्या दशकात कसबा बावड्याला खासगी साखर कारखाना उभा राहिला. १९५०नंतर सहकाराची लाट आली. रत्नाप्पा कुंभारांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा कारखाना काढला, तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या खोऱ्यात माळावर वारणानगर उभं केलं. या कारखान्यांनी जिल्ह्याचं आयुष्य पालटलं, शाळा-कॉलेजं काढली, दूध संघ काढले. त्याबद्दल कोल्हापूरकर कृतज्ञच आहे. पण त्या उलथापालथीत पाचटाची जागा हरवली, याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

ते असं झालं. ऊस गावातच गाळला जायचा तोवर चिपाड गावात राहायचं. ऊस ट्रकमधून कारखान्यावर गेला, त्याबरोबर चिपाडही गेलं. तिथे ते बॉयलरमध्ये जळू लागलं, पुढे त्यावर वीज तयार होऊ लागली आणि कारखान्याला उत्पन्न देऊ लागलं. शेतात मागे राहिलं ते पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन. दरम्यान घरावर कौलं आणि पत्रे आले, म्हणजे शाकारणी गेली. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, म्हणजे गोठ्यातलं अंथरूण गेलं. रासायनिक खताची पोती आली आणि उकिरड्याचं महत्त्व घटलं. खोडव्याला लवकर पाणी द्यायचं असतं, सऱ्या मोकळ्या हव्या असतात, उंदरांची भीती असते. मग फडाला काडी लावणं सोपं वाटू लागलं. तोडणी लवकर व्हावी म्हणून उभा ऊस पेटवण्याचे प्रकारही होऊ लागले आणि कारखान्याच्या काट्यावर 'जळीत ऊस' हा कपातीचा वेगळा प्रकार ठरला. शेकडो वर्षं कामाला आलेला पाला दोन-तीन पिढ्यांत कचरा ठरला, तो त्याचा गुण कमी झाला म्हणून नव्हे. त्याचा उपयोग करणारी घडी विस्कटली म्हणून.

कृषी विभाग आणि विद्यापीठं गेली कित्येक वर्षं 'पाचट जाळू नका' म्हणून सांगत आहेत. पाचटाची कुट्टी करून सरीत ठेवायची, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायचं, मग जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि खोडव्याचं पाणीही वाचतं. अनेक शेतकऱ्यांनी ते मनावर घेतलं आहे. तरीही हंगामात संध्याकाळी शिरोळ-हातकणंगल्याच्या रस्त्याने जाताना धुराचे लोट दिसतात.

आता मॉरिशस. तिथे ऊस नेला डच लोकांनी, १६३९ साली, जावाहून. पुढे बेट फ्रेंचांकडे आणि १८१० साली इंग्रजांकडे गेलं. १८३५मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ला, 'अॅटलास' नावाचं जहाज कोलकात्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं करारावर, म्हणजे गिरमिटावर, तिथे उतरली. ज्या घाटाच्या पायऱ्या चढून ती बेटावर गेली तो आप्रवासी घाट २००६पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं होती. बहुतेक कोकणातली, रत्नागिरीकडची, आणि सातारा-कोल्हापूरकडचीही काही. त्यांचे वंशज आज कॅस्कावेल, वाक्वा आणि ब्लॅक रिव्हर या भागांत राहतात. १८९६ साली हेन्रिएटा गावात भिवाजी कुटुंबाने बसवलेला गणपती हा बेटावरचा पहिला गणेशोत्सव मानला जातो. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. आणि उलट दिशेने साखर इकडे येत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसची पांढरी दाणेदार साखर मुंबईमार्गे आपल्या बाजारात उतरे. 'मोरस साखर' आणा, असं सांगणारी आजीपिढी महाराष्ट्रात अगदी परवापरवापर्यंत होती. गुळाच्या मुलखातल्या चहाच्या कपात पडणारी ती साखर आपल्याच माणसांनी तोडलेल्या उसाची असू शकत होती.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' नावाचं जवळजवळ तीनशे मीटर लांबीचं जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, पॉइंट देस्नीजवळच्या प्रवाळखडकावर चढलं. माल नव्हता, ते सिंगापूरकडून ब्राझीलला रिकामं चाललं होतं. पण त्याच्या पोटात स्वतःला लागणारं सुमारे चार हजार टन इंधन होतं. बारा दिवस लाटा त्याला खडकावर आपटत राहिल्या आणि ६ ऑगस्टला टाकी फुटली. हजार टनांच्या आसपास तेल खाजणात आलं. जवळच ब्ल्यू बेचं सागरी उद्यान, पलीकडे इल ओ एग्रेत हे दुर्मिळ पक्ष्यांचं छोटं बेट, मध्ये तिवरं आणि मासेमारी करणारी गावं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी पर्यावरणीय आणीबाणी जाहीर केली.

बाहेरून मदत यायला वेळ लागणार होता. इतक्या मोठ्या गळतीला पुरेल इतकी सामग्री बेटाजवळ नव्हती. पण ऑगस्ट महिना होता, आणि मॉरिशसमध्ये ऊसतोड जून-जुलैला सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते. म्हणजे फडात ताजं वाळलेलं पाचट पडलेलं होतं. माहेबूर गावाच्या किनाऱ्यावर ट्रकांनी ते येऊन पडू लागलं. माणसं जमली, सगळ्या धर्मांची, सगळ्या भाषांची. कापडाचे आणि जाळीचे लांब पट्टे जमिनीवर अंथरायचे, त्यावर पाचटाचा जाड थर द्यायचा, तरंगण्यासाठी मध्ये रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवायच्या, वळकटी करायची आणि सुतळीने किंवा दोरीने टाके घालत जायचं. एकेक वळकटी पुढच्या वळकटीला जोडत गेलं की लांबच लांब तरता बांध तयार. तो पाचपन्नास जणांनी खांद्यावर उचलून पाण्यापर्यंत न्यायचा, मग कोळ्यांच्या होड्यांनी ओढायचा. न्हाव्यांनी कापलेले केसही काही ठिकाणी त्यात भरले गेले, कारण केसही तेल धरतात.

लवकरच सरकारने लोकांना हे काम तज्ज्ञांवर सोपवायला सांगितलं. तेलाच्या वाफा विषारी असतात आणि शेकडो माणसं उघड्या हातांनी त्यात उतरली होती, त्यामुळे ती काळजी खोटी नव्हती. पण पहिल्या तासांत आणि पहिल्या दिवसांत जे हात उतरले ते उसाच्या गावातले होते, त्यांच्याकडे साधन होतं आणि ते कसं बांधायचं हे त्यांना ठाऊक होतं. हे श्रेय त्यांना पुरतं दिलं पाहिजे. १६ ऑगस्टला भारतीय हवाई दलाच्या विमानाने तीस टनांहून अधिक सामग्री आणि तटरक्षक दलाचं दहा जणांचं पथक मॉरिशसला पोहोचलं. त्याच्या आदल्याच दिवशी जहाजाचे दोन तुकडे झाले होते. सुदैवाने उरलेलं बहुतेक इंधन तोवर उपसून काढण्यात यश आलं होतं.

वाळक्या पानाने तेल अडवण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. १८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर 'टॉरी कॅनियन' हे टँकर फुटलं आणि लाखभर टनांहून अधिक कच्चं तेल सांडलं. ब्रिटिशांनी त्यावर हजारो टन डिटर्जंट फवारलं. पुढे शास्त्रज्ञांनी किनारा तपासला तेव्हा दिसलं की खडकावरचे शंखशिंपले तेलाने मेले त्याहून जास्त त्या साबणाने मेले. दोनच वर्षांनी, १९६९च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्रातल्या विहिरीतून तेल उसळलं. तिथे बोटींमधून पाण्यावर आणि वाळूवर गव्हासारख्या पिकांचा पेंढा पसरण्यात आला आणि तेल लागलेला पेंढा दाताळ्यांनी ओढून ट्रकांत भरला गेला. तुरुंगातल्या कैद्यांनाही त्या कामाला लावलं होतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत राज्यांपैकी एकात, माणूस चंद्रावर उतरण्याच्या वर्षी, शेवटी कामाला आला तो पेंढाच.

पान तेल का धरतं, हे घरी तपासता येतं. पाचटाच्या वाळक्या पानावर पाण्याचा थेंब टाकला तर तो बराच वेळ गोल राहतो, घरंगळतो. गोडेतेलाचा थेंब टाकला तर तो पसरतो आणि पानाला चिकटतो. पानावर मेणाचा पातळ थर असतो, उसाच्या कांडीवर तो पांढरट भुकटीसारखा डोळ्यांना दिसतो. मेण पाण्याला दूर सारतं आणि तेलाला आपलं म्हणतं. छपराचं पाचट पाऊस गळू देत नाही ते यामुळेच, आणि समुद्रावर ते तेल धरतं तेही यामुळेच. त्यातून सांडलेलं तेल जहाजाचं जाडसर इंधन असेल तर ते पानांच्या जाळीत आणखी घट्ट अडकतं.

चिपाडाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या आतल्या गरात पोकळ्या भरपूर, त्यामुळे द्रव शोषायची ताकद मोठी. पण गराला पाण्याचंही प्रेम तितकंच. समुद्रात टाकलं की ते आधी पाणी पितं, जड होतं आणि बुडायला लागतं. म्हणून प्रयोगशाळांमध्ये चिपाडाला तापवून अर्धवट कोळसा करतात, किंवा अॅसिटिक अनहायड्राइडची प्रक्रिया देऊन त्याची पाणी धरण्याची जागा बंद करतात. मग ते तरंगतं आणि तेलच निवडतं. भाताचं तूस, नारळाचा काथ्या आणि सावरीचा कापूस यांवर जगभर असंच काम झालं आहे. टेक्सासमधल्या शेषाद्री रामकुमार यांच्या गटाने दाखवलं की कमी प्रतीचा, न पिकलेला कापूस स्वतःच्या वजनाच्या तीसपटींहून अधिक कच्चं तेल धरतो. जो कापूस गिरणी घेत नाही, तोच इथे जास्त चांगला. आज बाजारात तेल शोषणारे जे पांढरे गालिचे मिळतात ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे खनिज तेलापासूनच बनलेले. तेल पुसायला तेलाचंच फडकं वापरायचं आणि ते पुन्हा जाळायचं, यात काहीतरी चुकतं आहे असं वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या किनाऱ्यालाही ही वेळ आली आहे. १७ मे १९९३ला मुंबई हायची तेलवाहिनी फुटली. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे आठशे टन तेल सांडल्याचा अंदाज होता. जहाजावरचे कंटेनर पाण्यात पडले, वाहतूक थांबली आणि उरण, अलिबाग, घारापुरी, नवी मुंबई इथल्या तिवरांच्या मुळ्या काळ्या झाल्या. मासळी घ्यायला लोक धजेनात, कोळीवाड्यांचा धंदा बसला. त्या वेळी किनाऱ्याच्या सफाईत दिल्लीच्या 'टेरी' संस्थेचं ऑइलझॅपर वापरलं गेलं. तेल खाणाऱ्या पाच प्रकारच्या जिवाणूंचं हे मिश्रण. जिवाणू नुसते किनाऱ्यावर टाकता येत नाहीत, त्यांना बसायला काहीतरी आधार लागतो. तो आधार म्हणजे मक्याचे दाणे सोडवल्यावर उरणाऱ्या कणसाच्या दांड्याची पूड. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरही शेतातला टाकाऊ माल तेलापर्यंत पोहोचला होता, फक्त तो प्रयोगशाळेच्या वाटेने.

कोल्हापूरनेही या विद्येला हात लावलेला आहे, समुद्राच्या नव्हे तर नदीच्या निमित्ताने. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचं रंगीत पाणी हा पंचगंगेचा जुना घोर आहे. शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात शेतीतल्या टाकाऊ मालावर कापडाचे रंग आधी शोषून घ्यायचे आणि मग त्याच मालावर बुरशी-जिवाणू वाढवून ते रंग मोडून टाकायचे, असे प्रयोग झाले. यातला दुसरा टप्पा फार मोलाचा आहे. शोषून घेणं हे निम्मंच काम. ज्याने शोषलं त्याचं पुढे काय, हा प्रश्न समुद्रावर आणखी कठीण होतो.

पाचटाच्या बाजूने बोलताना त्याच्या मर्यादा लपवून चालणार नाही. तेलाने भरलेलं पाचट त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी बाहेर काढावं लागतं, नाही तर जड होऊन ते तळाला जातं आणि तेलही घेऊन जातं. खवळलेल्या उघड्या समुद्रात ते निरुपयोगी, खाडीत आणि शांत खाजणात उपयोगी. सुटं पसरण्यापेक्षा कापडात बांधलेलं बरं, कारण तिवरांच्या मुळ्यांत अडकलेली सुटी पानं काढता काढता मुळ्याच तुटतात. आणि तेल लागलेलं पाचट उकिरड्यावर टाकता येत नाही. त्याला योग्य भट्टी हवी किंवा जिवाणूंची दीर्घ प्रक्रिया हवी. याची तजवीज आधी केली नाही तर समुद्रातली घाण जमिनीवर आणल्यासारखं होतं.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती इथल्या ऋतूंची आहे. मॉरिशसचं जहाज फुटलं ते नेमकं तिथल्या तोडीच्या दिवसांत. आपला गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला आटोपतो. आपल्याकडच्या दुर्घटना मात्र बहुतेक पावसाळ्यातल्या किंवा त्याच्या तोंडावरच्या. 'चित्रा' ऑगस्टमध्ये. साठ हजार टन कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडालेलं 'रॅक' ४ ऑगस्ट २०११ला. केरळच्या किनाऱ्यापुढे बुडालेलं 'एमएससी एल्सा-३' २५ मे २०२५ला. मे महिन्यापासून पावसाळाभर कोकण आणि गोव्याच्या वाळूत डांबराचे गोळे वाहून येतात, ज्यांचा अभ्यास गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था वर्षानुवर्षं करते आहे, तेही याच दिवसांत. म्हणजे जेव्हा पाचट हवं तेव्हा शेतात हिरवा ऊस उभा असतो आणि आदल्या हंगामाचं पाचट एक तर जळून गेलेलं असतं, नाही तर सरीत कुजलेलं.

म्हणून ते साठवावं लागेल. आणि साठवणं ही गोष्ट या मुलखाला नवीन नाही. पिंजराची गंजी रचून वर पाचटाचा उतार द्यायचा आणि भर पावसात आतला चारा कोरडा ठेवायचा, हे कोल्हापूरच्या शेतकऱ्याने कायम केलं आहे. अलीकडे फडातलं पाचट गोळा करून त्याचे दाबून गठ्ठे बांधणारी बेलर यंत्रंही महाराष्ट्रात आली आहेत. त्यांचे गठ्ठे बहुतेक बॉयलरसाठी जातात. त्यातले थोडे कोरडे गठ्ठे, सोबत जाळीचं कापड आणि दोरी, एवढं पावसाळ्याआधी फोंडा घाट उतरून देवगड, विजयदुर्ग, मालवणच्या बंदरांवर पत्र्याखाली ठेवलं तर खर्च फार नाही. देशाच्या तेलगळती आपत्ती आराखड्याची जबाबदारी १९९६पासून तटरक्षक दलाकडे आहे, आणि मोठ्या यंत्रसामग्रीची जागा पाचट घेऊ शकत नाही, घेऊही नये. ती सामग्री मुंबईहून किंवा गोव्याहून येईपर्यंतचे पहिले चोवीस तास खाडीचं तोंड कशाने अडवायचं, एवढाच हा प्रश्न आहे. त्यासाठी कोळीवाड्यातल्या पोरांना वळकटी कशी शिवायची हे उन्हाळ्यातच दाखवून ठेवावं लागेल, आणि हातमोजे, बूट, तोंडाला लावायचे मास्क गठ्ठ्यांजवळच ठेवावे लागतील. माहेबूरच्या लोकांकडे हेच नव्हतं.